सोमवारी तू जे बोलशील

मुलुंड पूर्व,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय श्रेयस,

प्रभूच्या नावात सलाम. खोकला कमी झाला का? दिशाला चाचणीत गणितात चांगले मार्क पडलेत, मामाला नक्की कळव म्हणाली. बाबांची शुगर ठीक आहे.

परवा तुरुंगातल्या मुलाखतीत काचेपलीकडून तू म्हणालास, "ताई, सोमवारी कोर्टात सांगणार. ब्रेक फेल नव्हता. मी प्यायलो होतो." वर म्हणालास, प्रभूनं क्षमा केलीय, मनाला शांती आहे. मी तशीच उठून निघाले. खरं सांगू? राग आला रे. तुझ्या गाडीखाली तो रिक्षावाला राजेश गेला, आणि शांती तुला?

म्हणून मी घाटकोपरला त्याच्या घरी गेले. कुणालाच न सांगता. त्याच्या बायकोनं, माधुरीनं, दार उघडलं, पाणीसुद्धा दिलं. मी चाचरत म्हटलं, "श्रेयसनं देवाकडे क्षमा मागितलीय."

"तुमच्या देवानं केलं असेल माफ. माझ्या पोरीला शाळेत कोण सोडणार?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. निघताना तिनं एवढंच विचारलं, "कोर्टात खरं बोलेल ना पण?"

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. तुला ठाऊक नाही, अपघातापासून ते चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेत नव्हते. जन्मभर हेडमास्तर, नापास मुलाचा बाप पुढे कसा जाणार! काल संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. म्हणाले, "अनंतराव, लायक म्हणून हे कोण घेतं? आपण विश्वासानं नीतिमान ठरतो, मार्कांनी नाही." बाबांनी हात पुढे केला. प्याला मी धरला.

वकील म्हणतात, तू खरं बोललास तर दहा वर्षंही होतील. वर म्हणाले, असलं पत्रात लिहू नका, तुरुंगात उघडून वाचतात. वाचू देत.

दहा वर्षं, श्रेयस. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हे लिहायचंच नव्हतं मला.

तरी खरं बोल. देवानं जवळ करावं म्हणून नको. त्यानं केलंय, म्हणून बोल. माधुरी तिथे असेल, तिच्यासमोर मान खाली घालू नकोस. मागच्या बाकावर आम्ही दोघं असू. बाबा येणारच म्हणून हटून बसलेत.

मला फार भीती वाटतेय.

शिक्षा कितीही होवो, तुझीच,
उत्तराताई