आबांची दोन तुकड्यांची काठी

महाड,
९ नोव्हेंबर २०२५

चि. दीपक यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. अंकिताची सहामाही संपली, खोकला मात्र अजून हटत नाही. आईचा गुडघा कसा आहे? तेल लावून घेते की नुसतंच "नको गो" म्हणते? तेजश्रीला सांग, चिवडा संपला, डबा धुऊन ठेवला आहे.

तुझा मेसेज चार दिवसांपूर्वी आला. उत्तर मुद्दाम कागदावर देते. मोबाइलवर तू वाचतोस, निळ्या खुणा उमटतात आणि तू गप्प होतोस. कागद निदान हातात तरी धरावा लागतो.

तर आपल्या डोहावर तुझा कॅम्प होणार. मुंबई-पुण्याची माणसं येणार, गळाला पिसांची खोटी माशी लावून महसीर मासे पकडणार, फोटो काढून सोडून देणार. त्यासाठी दहा काठ्या घ्यायच्या आहेत, म्हणून विचारतोस, "ताई, टू-पीस घेऊ की फोर-पीस? तुझ्याएवढं कोणाला कळतंय?" हे मात्र खरं लिहिलंस. आबांनी तुलाही शिकवायला घेतलं होतं. तू दुसऱ्याच दिवशी क्रिकेट खेळायला पळालास आणि मी सात वर्षं त्यांच्या मागे दगडांवरून फिरले.

आता नीट वाच. नऊ फुटी काठी दोन तुकड्यांची असली तर एकेक तुकडा साडेचार फुटांचा होतो. एकच सांधा, त्यामुळे दोरी फेकताना काठी मुठीपासून शेंड्यापर्यंत सलग वाकते. जोडायला सोपी, सांभाळायला सोपी. पण एसटीत घेऊन बसलं की कंडक्टर बोलतो, शेजारचा बोलतो, आणि मोटरसायकलवर तर ती आडवी येतेच. चार तुकड्यांची काठी सव्वादोन फुटांत मावते, पाठीवरच्या पिशवीत जाते. मात्र तिला सांधे तीन. दिवसभर फेकून फेकून ते सैल होतात, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एका फेकीला शेंडा सुटून डोहात जातो. दर तासाला चाचपावे लागतात. सांध्याला मेणबत्तीचं मेण लाव, आणि दोरी ओवायच्या सगळ्या कड्या एका रेषेत आल्यात का ते डोळ्याला लावून बघ. पूर्वी म्हणत, जास्त तुकडे म्हणजे काठीत जीव नाही. आता तसं राहिलेलं नाही, चांगल्या काठ्या निघाल्यात.

तुझ्या पाहुण्यांसाठी चार तुकड्यांच्याच घे. दोन दिवस यायचं, काठी पिशवीत घालून निघून जायचं, अशा माणसांना त्याच बऱ्या. एखाद्याने तुकडा मोडला तर तेवढाच बदलता येईल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब. पण तू थांबू नयेस.

मेसेजच्या शेवटी लिहिलंस, "शनिवार-रविवार येत जा, पाहुण्यांना फेक शिकव. आमच्याकडेच राहत जा." ते "आमच्याकडे" मी तीनदा वाचलं. लहानपणी आपण दोघं कोणालाही सांगताना एकच म्हणायचो, आपलं घर.

आबांची काठी तुला आठवते ना? मुंबईचे साहेब दरवर्षी यायचे, आबा त्यांना डोह दाखवायचे. शेवटच्या वर्षी साहेबांनी आपली काठी आबांना देऊन टाकली. कामटीची, पितळी सांध्याची, दोन तुकड्यांची, खाकी पिशवीतली. आबा सांधा नाकाच्या कडेला घासून मगच जोडायचे, तेवढं तेल त्याला पुरतं म्हणायचे. मी हात ताणला की ओरडायचे, "जोर नको लावू गो, दोरीला जाऊ दे!" आणि पहिला मासा मी सोडला त्या दिवशी डोहाच्या वरच्या आंब्याखालची जागा दाखवून म्हणाले होते, "हितं तुजी खोली व्हईल माधे. पानी हितपर्यंत कदी येत नाय." तू तिथेच होतास. दगड मारून कैऱ्या पाडत होतास.

तुझे भावजी गेल्यावर मी महाडच्या या खोलीत आले. एकवीस सालच्या जुलैत पाणी पंख्यापर्यंत चढलं, ते तू पाहिलंस, चिखल काढायला आला होतास. त्याबद्दल आजही तुझे उपकार मानते. तेव्हापासून दर पावसाळ्यात आम्ही दोघी पिशव्या भरून दाराशी ठेवतो. म्हणून यंदा ठरवलं, आंब्याखाली एक खोली बांधायची. एकच. त्यासाठी सातबारा हवा होता. सप्टेंबरात अंकिताने तो मोबाइलवर काढला आणि म्हणाली, "आई, यात तुझं नाव नाहीये."

मी म्हटलं, नीट बघ.

आबांचं तेरावं झालं त्या आठवड्यात तू मला पोलादपूरच्या कचेरीत नेलंस. म्हणालास, "वारसांची नोंद करायचीय, सही आणि अंगठा लागतो." मी कागद हातात घेतला तशी आई म्हणाली, "भाव हाय तो तुजा. वाचतेस काय? कोरट हाय का हे?" आणि मला लाज वाटली, दीपक. वाचावंसं वाटलं याचीच लाज वाटली. आपल्याकडे कुठली बहीण भावाच्या हातातला कागद वाचते? तिथल्या माणसाने विचारलं, "बाई, मजकूर मान्य आहे ना?" मी मोठ्याने हो म्हटलं.

तो कागद हक्कसोडीचा होता.

तू हक्क मागितला असतास तर मी दिलाही असता, आंब्याची जागा सोडून. हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू मागितला नाहीस. आणि त्या दिवशी सकाळी निघताना तू आढ्यावरून खाकी पिशवी काढून माझ्या खांद्याला लावलीस. "आबांची काठी तू ने ताई, तुझीच आहे." मी येताना एसटीत रडले. कंडक्टर म्हणाला, बाई, ही लांब पिशवी आडवी धरू नका, आणि मी त्याच्याकडे बघून हसले. भावाने न मागता दिली याचंच कौतुक करत महाडपर्यंत आले. अंकिताला किती वेळा सांगितलं असेल ते.

अजून एक सांगायचं राहिलं. यंदा भाऊबीजेला मी तुला ओवाळलं तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. तू ताटात साडी ठेवलीस, जांभळी. मला वाटत होतं, आता बोलेल, आता बोलेल. तू करंजी खाल्लीस आणि कॅम्पच्या तंबूंचे फोटो दाखवलेस. आंब्याखाली तुझा स्वयंपाकाचा तंबू आहे.

मी कोर्टात दावा लावला आहे. नोटीस तुला या आठवड्यात मिळेल. परक्या माणसाच्या हातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. आईला तू वाचून दाखवशील की नाही, माहीत नाही. दाखवलंस तर पूर्ण दाखव. ती मला शिव्या घालेल, घालू दे.

शिकवायला मी येणार नाही. त्या जागेत पगारी बाई म्हणून उभी राहणार नाही.

काठीचं काय झालं तेही कळव म्हणशील. सातबारा पाहिला त्या संध्याकाळी मी ती जोडली. का, ते मलाही सांगता येणार नाही. नाकाला घासलं नाही, काही नाही, रागाच्या भरात सांधा आत दाबला, तो बसला तो बसलाच. असा सांधा एकट्याने सुटत नाही. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, दोघांचाही एकेक हात दोन्ही तुकड्यांवर, आणि सरळ ओढतात. आबांबरोबर मी उभी राहायचे. इथे शेजारी माणसं आहेत, पण मी कोणाला बोलावलं नाही. दहा फुटांच्या खोलीत नऊ फुटांची काठी पडली आहे. आम्ही ती ओलांडून पाणी भरतो, ओलांडून जेवायला बसतो.

वकिलाने त्या कागदाची नक्कल काढून आणली. शेवटच्या पानावर कचेरीत काढलेला माझा फोटो आहे. तू पाहिला असशील. खांद्याच्या मागे खाकी पिशवीचं टोक दिसतं, आणि मी हसते आहे. फोटोखाली "लिहून देणार" आणि माझं नाव छापलं आहे. इथेही तसंच लिहिते.

लिहून देणार,
माधुरी हैबती