साचा ४-क

३ मार्च, सोमवार
काय घडले, क्रमाने:
१. बाबांनी वर्कशॉपमध्ये रबरी सीलचे पाच साचे घडवले.
२. भागीदार कंपनीने ते वापरायला नेले, परत दिले नाहीत.
३. करारात होते म्हणून लवाद परदेशात झाला. निवाडा आमच्या बाजूने: पाचही साचे परत करा.
४. कंपनी करत नाही.
परदेशातला निवाडा इथे आपोआप लागू होत नाही. इथल्या कोर्टाने तो आधी मान्य करावा लागतो. म्हणजे एक अर्ज. वर्कशॉप कागदोपत्री माझ्या नावावर आहे आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. अर्ज जमेल.

४ मार्च
आई म्हणाली, आतोबा वकील आहेत, त्यांना विचार. गरज नाही म्हटले. आई म्हणाली, हो बाई, तू जन्मलीस तेव्हा डॉक्टरचीही गरज नव्हती. दुर्लक्ष केले.
कायदा वाचला. स्वच्छ मॅन्युअल आहे. कोर्ट मूळ भांडण पुन्हा उकरत नाही. हरायला जागाच नाही.

९ मार्च, सकाळ
निवाड्याचे भाषांतर जोडावे लागते, अधिकृत भाषांतरकाराचे असल्यास बरे. मीच करणार. तो सीलला शिक्का म्हणेल.

११ मार्च
निवाड्यात चूक सापडली. चौथा साचा ४-ब लिहिलाय. ४-ब बाबांनी कधीच मोडीत काढला. कंपनीकडे आहे तो ४-क, आणि हातातली ऑर्डर फक्त त्याचीच. साच्यात रबर दाबायची प्रेस थंड पडून आहे. भाषांतरात ४-क केले. चूक दिसली की सुधारायची. यात कुणाला विचारायचे काय?

२ एप्रिल
अर्ज दाखल. काउंटरवरच्या कारकुनाने विचारले, वकील कोण? मीच, म्हटले. तो हसला. कौतुकाने असावे.
बाबा प्रेसला तेल देत होते. साचा नसताना.

२१ एप्रिल
सुनावणी. कंपनीचे वकील फार सभ्य. म्हणाले, ताईंचं भाषांतर मूळ निवाड्यापेक्षा चांगलं आहे. मी थँक्यू म्हटले. मग त्यांनी ४-क वर बोट ठेवले.
न्यायाधीशबाईंनी विचारले, हा बदल कुणी केला? बदल नाही, दुरुस्ती आहे, म्हटले. त्या म्हणाल्या, निवाडा दुरुस्त करायचं काम लवादाचं, तेही मुदतीत. तुमचं नाही आणि माझंही नाही.
ती मुदत केव्हाच संपली आहे. अर्ज परत.
तांत्रिक बाब. एकूण प्रगती समाधानकारक.

२२ एप्रिल
बाबांना सांगितले. त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. मग म्हणाले, बाकीचे राहू देत गं, ४-क तेवढा येईल ना?
हो म्हटले.
त्यांनी लगेच फोन लावला आणि कुणाला तरी सांगितले, प्रेस विकायची नाही. प्रेसला गिऱ्हाईक आले होते हे मला आत्ता कळले.

२३ एप्रिल
आई म्हणाली, बाबा तुझ्या एका शब्दावर उड्या मारताहेत, तो शब्द खरा आहे का? मी फोन उघडला.
आतोबांना पाठवायचा मेसेज. चार वेळा खोडला. हा शेवटचा:
आतोबा, निवाड्याच्या भाषांतरात मी एक नंबर बदलला. कोर्टाने अर्ज परत केला. मूळ निवाड्यात ४-ब आहे, आम्हाला ४-क हवा. तो आता मिळू शकतो का? प्रेसचे गिऱ्हाईक शनिवारी दुसरी मशीन घेणार आहे. मी बाबांना हो म्हटले आहे. कृपया शुक्रवारपर्यंत कळवा. नाही असेल तरी कळवा.