रिकाम्या बाटलीत श्वास कोणाचा

सोमवार, ९ फेब्रुवारी. सकाळी सात.

निश्चय. शनिवारपर्यंत कशालाही हात लावणार नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

कारण असं. मागच्या महिन्यात चहाचं पातेलं जळालं. माझी चूक नव्हती. पातेलंच पातळ होतं, आणि हल्ली गॅसची आच फार मोठी येते. तेव्हापासून सूनबाईने मला गॅसपाशी जायची बंदी केली आहे. जिने चाळीस वर्षं आठ माणसांचा स्वयंपाक ओढला, तिने आता आयता फुळकवणी चहा प्यायचा. सूनबाई साखर मोजून घालते आणि चहाची पूड घालायला बहुतेक विसरते.

काल जेवताना तह झाला. नात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार बाटल्या मांडणार आहे. (अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून मी तिला टाचणी म्हणते.) ऊन सगळ्यात चांगलं माझ्या खिडकीत, म्हणून बाटल्या माझ्या खिडकीत. सूनबाई म्हणाली, तिथे नकोच, आई हात लावल्याशिवाय राहायच्या नाहीत. मी म्हटलं, लावला तर नाव बदलीन. आमचे चिरंजीव घरात भांडण लागलं की पेपरात शिरतात. ते पेपरातून डोकं बाहेर काढून म्हणाले, मग असं करू. शनिवारपर्यंत आईने बाटल्यांना हात लावला नाही, तर रविवारपासून गॅस आईचा. सूनबाई हसली. मला ते हसणं आवडलं नाही. पण कबूल.

सहा दिवस म्हणजे काय मोठंसं! मी सहा वर्षं सासूशी न बोलता काढली आहेत.

सकाळी दहा.

बाटल्या मांडून टाचणी शाळेत गेली. चारींच्या तळाशी बोटभर लाल पाणी. ते विज्ञानाच्या बाईंनी दिलं. पहिलीत पान दोऱ्याने टांगलंय, बाटली मोकळ्या उन्हात. दुसरीतही पान, पण वरून चंदेरी कागद गुंडाळून आत मिट्ट काळोख. तिसरीत पान, वरून पातळ फडकं, म्हणजे जेमतेम उजेड. चौथी रिकामी. सगळ्यांना रबरी बूच गच्च.

टाचणीने समजावलं ते असं. पानाच्या खालच्या अंगाला बारीक बारीक तोंडं असतात, त्यातून हवा आत-बाहेर जाते. (खाली तोंड करून गप्प बसतात. शहाणी पानं.) उजेड असला की पान अन्न बनवतं आणि त्यासाठी कार्बन डायऑक्साइड आत घेतं. आपण उच्छ्वासात सोडतो तोच. पण पानालाही श्वास लागतोच, दिवसा आणि रात्री, आणि त्यात तोच वायू बाहेर पडतो. उजेडात घेणं जास्त आणि सोडणं कमी. काळोखात नुसतं सोडणं. मी म्हटलं, कळलं, आमच्या ह्यांचं असंच होतं. दिवसा काम, रात्री नुसतं घोरणं. टाचणी म्हणाली, नाही आजी, आजोबा दिवसाही घोरत असते तर तसं. पान काम करता करता घोरतं.

पाण्याचं गणित सोपं आहे. बाटलीतला वायू कमी झाला की पाणी जांभळं, वाढला की पिवळं, जसाच्या तसा राहिला की लाल. फडक्याच्या बाटलीत घेणं आणि सोडणं सारखंच व्हावं, म्हणून तीही लालच राहिली पाहिजे. मी विचारलं, मग रिकामीचं काय? म्हणाली, ती तुलनेसाठी. तिच्यात काही घडत नाही, तेच तिचं काम. असं काम चिरंजीवांना छान जमलं असतं.

माझं काम: दुपारी बारा वाजता लांबून रंग बघायचे आणि रंगांच्या वहीत लिहायचे. (ती वही वेगळी, ही माझी.) लांबून म्हणजे किती लांब, ते काही सांगितलेलं नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी. दुपार.

पहिली जांभळी! तिसरी लाल, चौथी लाल. कागदातली टाचणीने काल संध्याकाळी स्वतः कागद उलगडून बघितली, पिवळी होती. सगळं सांगितल्याबरहुकूम. मी हात लावला नाही. सूनबाई तीन वेळा खोलीत डोकावून गेली, केरसुणी न्यायला. केरसुणी माझ्या खोलीत नसतेच.

समोरच्या दारचा म्हातारा कंपाउंडर पेपर मागायला आला. बाटल्या बघून म्हणाला, ह्या बाटल्या रात्री खोलीतून काढा, पानं काळोखात विष सोडतात, झोपेत माणूस जातो. मी घाबरले नाही. टाचणी आल्यावर सहज विचारलं. ती म्हणाली, एक माणूस रात्रभरात जेवढा वायू सोडतो तेवढा दहा कुंड्यांनाही जमायचा नाही. म्हणजे कंपाउंडरच्या बायकोने त्या खोलीत चाळीस वर्षं काढली, तिचं कौतुक करायला हवं.

बुधवार, ११ फेब्रुवारी. दुपारी साडेबारा.

फडकं किंचित सरकवलं. बोटाच्या टोकाने. हात लावणं म्हणजे पंजाने धरणं, बोटाचं टोक त्यात धरत नाहीत. रंग लालच. फडकं होतं तसं केलं, उलट जास्त नीट.

बारा वाजता चौथीही लाल होती. तसं लिहिलं.

एक वाजता.

चौथीच्या आतल्या बाजूला वाफ धरली आहे. रंग नीट दिसत नाही. नीट न बघता लिहिणं म्हणजे विज्ञानाशी बेइमानी. आणि ही तर रिकामी. आत पान नाही, म्हणजे बिघडायला काही नाही. बंदी बाटल्यांना हात लावायला आहे, आणि बाटली म्हणजे जिच्यात काहीतरी आहे ती. म्हणून बूच काढलं, चष्म्याच्या काचेवर मारतो तशी आत एक फुंकर मारली, वाफ पुसली गेली का बघितलं, बूच लावलं. आधीपेक्षा गच्च.

सव्वा वाजता.

चौथी नारिंगी दिसते. उन्हाचा खेळ असणार.

पावणेदोन.

उन्हाचा खेळ नाही. पिवळी पडते आहे. आत कुठूनतरी खराब हवा शिरली. ती काढलीच पाहिजे. पुन्हा बूच काढलं, तोंड टेकवून तीन वेळा जोरात फुंकलं, म्हणजे आतली सगळी हवा बाहेर. चांगली खळखळून हलवलीही.

दोन वाजता.

पिवळीधम्मक. पाणीच नासकं दिलंय बाईंनी.

वहीत बाराचा रंग लाल लिहिला आहे. बारा वाजता ती लालच होती, म्हणजे मी खोटं लिहिलेलं नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

काल टाचणी उशिरा आली, आल्या आल्या झोपली. आज बघितलं. रडली नाही. बाटलीसमोर स्टुलावर बसून राहिली. मग विचारलं, आजी, तू उघडलीस का? मी म्हटलं, मी हातसुद्धा लावला नाही, बूच सैल असेल. ती म्हणाली, बूच सैल असलं तर खोलीतली हवा आत जाईल, त्याने पाणी लालच राहील. एवढं पिवळं व्हायला कुणाचातरी श्वास लागतो.

मी म्हटलं, नवं पाणी आण मग. म्हणाली, बाईंकडे थोडंच उरलंय, काय चुकलं ते लिहून दिल्याशिवाय त्या देणार नाहीत. काय लिहू? मी म्हटलं, लिही बूच सैल. म्हणाली, जे झालं नाही ते कसं लिहू? एवढीशी पोर, आणि तत्त्व बघा.

सांगावंसं वाटलं. पण रविवार तीन दिवसांवर. एवढ्यासाठी गॅस घालवायचा?

सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. मग पिशवी घेऊन बाजारात गेली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.

सकाळीच टाचणी बाटल्या पोत्यात गुंडाळून शाळेत घेऊन गेली. चौथी आहे तशीच. खिडकी ओकीबोकी दिसते.

माझं ठरलं आहे. खरं सांगणार. सोमवारी. रविवारी सकाळी सहाला गॅस हातात येईल, माझ्या हातचा कडक चहा होईल, सगळ्यांचं मन प्रसन्न होईल, आणि सोमवारी सांगेन. घाईत सांगितलेलं खरं कोणाला पचत नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी. दुपार.

ठेवणीतले कपडे घालून प्रदर्शनाला गेले. चिरंजीव आणि सूनबाईही. शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक टेबलं, चाळीस पोरं, आणि एकच परीक्षक. बाहेरून आलेला, मान वाकडी करून बोलणारा.

टाचणीने पहिल्या तीन बाटल्या घडाघडा सांगितल्या. त्याने चौथीकडे बोट केलं. म्हणाला, ही रिकामी, मग ही का पिवळी? टाचणी म्हणाली, हिच्यात कुणीतरी श्वास सोडलाय सर. कोणी? टाचणी म्हणाली, माहीत नाही. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही कार्टीने. परीक्षक म्हणाला, कारण माहीत नसेल तर प्रयोग अपुरा. आणि पुढच्या टेबलाकडे वळला.

आमच्या पोरीला अपुरं म्हणणारा हा कोण टिकोजीराव? मी म्हटलं, अहो, थांबा. मी फुंकलं होतं. तो म्हणाला, किती वेळा? म्हटलं, एकदा. टाचणीने तेव्हा बघितलं माझ्याकडे. म्हटलं, चारदा.

सगळा हॉल हसला. कोणीतरी पोराने शिट्टी मारली. परीक्षकाने बाईंकडची ताज्या लाल पाण्याची नळी आणि एक स्ट्रॉ माझ्या हातात दिली, म्हणाला, फुंका. फुंकलं. दहा मोजायच्या आत पिवळं. त्याने पोरांना सांगितलं, बघा, ही चौथ्या बाटलीतली चूक. मला चूक म्हणून बोटाने दाखवलं. सत्तरीतल्या बाईला.

टाचणीला उत्तेजनार्थ. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, गुरुवारी कारण लिहून दिलं असतं तर पहिला नंबर होता. टाचणी म्हणाली, असू दे. ते मला नाही म्हणाली. बाईंना म्हणाली.

रविवार, १५ फेब्रुवारी. सकाळी सव्वासहा.

तरी सहाला उठून स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, कबूल केलं सगळ्यांदेखत, अजून काय हवं? सूनबाई आधीच उठलेली. म्हणाली, आई, पातेलं जळालं म्हणून मी तुमचा गॅस बंद केला नव्हता. पातेलं माझंही जळतं. मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, मी तिकडे गेलेच नाही. घर धुराने भरलं होतं आणि तुम्ही म्हणत होतात, मी गेलेच नाही. मी म्हटलं, काल सांगितलं ना खरं. ती म्हणाली, हो, पण आधी ‘एकदा’ म्हणालात, मग ‘चारदा’.



पातेलं मीच विसरले होते. खिडकीत बसून खालचं भांडण ऐकत होते. भांडण चांगलं रंगलं होतं.

सकाळी आठ.

सूनबाईने कपाटातून एक खोकं काढलं. विजेची किटली. तुमच्यासाठी आणली, म्हणाली. गुरुवारीच आणून ठेवली होती म्हणे. पाणी उकळलं की आपोआप बंद होते.

मी म्हटलं, यंत्राचा काय भरवसा. पाणी भरून लावली आणि स्टूल ओढून किटलीसमोर बसले. बंद झाली नाही, तर आपण आहोत.

बंद झाली.