कृत्रिम टाळूचे वर्तमान

नेरूळ, श्रावण वद्य षष्ठी

आदरणीय व्याही हौसेराव यांस,

शिवरामाचा नमस्कार पोहोचावा. साष्टांग लिहिणार होतो. परंतु गुडघ्यांना विचारल्याखेरीज हल्ली तसे आश्वासन देता येत नाही. आपले अम्लपित्त शमल्याचे आपली कन्या, म्हणजे आमची सून शर्मिला, हिच्याकडून कळले. आनंद झाला. (त्याविषयी शेवटी लिहितो.)

गेल्या गुरुवारी आपण दुपारी समाचारास आलात तेव्हा सांगणे अर्धे राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गतवर्षी गाठीसह माझा उजवीकडचा वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग काढावा लागला. प्राण वाचले, वाणी मात्र नाकात जाऊन बसली. ‘भगवान’ म्हणावे तर ‘मङवान’ ऐकू येई, आणि आचमनाचे पाणी मुखाने आत जाऊन नाकावाटे परत येई. (असे आचमन घडले म्हणावे की नाही, यासाठी मी घरातले सारे ग्रंथ धुंडाळले. पूर्वसूरींनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे, हा तेवढा राहिला.) सारसोळ्याच्या देवळात चाळीस श्रावण पोथी वाचली, ते आसन गेले. विश्वस्त अभय यांनी आसनावर एक ध्वनिक्षेपक बसवला आणि त्यातून कोणी अनोळखी गृहस्थ, न थांबता व न खोकता, वाचू लागले. आपणही तेव्हा म्हणालात की आता मनातल्या मनात जप करावा. सल्ला शास्त्रशुद्ध होता. मला मात्र तो फार लागला.

अशा स्थितीत येथील दंत महाविद्यालयात डॉक्टर निशिगंधा भेटल्या. वयाने आमच्या नातीएवढ्या. त्यांनी मुखात गुलाबी लगदा भरून माप घेतले आणि काही आठवड्यांनी एक पट्टी घडवली. तिला पुढे दात आहेत, वर एक पोकळ फुगवटा आहे. तो टाळूच्या छिद्रात चपखल बसतो आणि नाक व मुख यांची ताटातूट करतो. ती बसवून त्यांनी मला ‘मामा’, ‘काका’, ‘पपई’ म्हणावयास सांगितले. मी विनयाने म्हटले, की चाळीस वर्षांच्या पाठकाची परीक्षा पपईवर घेऊ नये; आणि गीतेचा पंधरावा अध्याय आरंभला. प्रत्येक श्लोकाला त्या मला थांबवीत, पट्टी काढून कड किंचित घासत आणि पुन्हा बसवीत. आठव्या श्लोकाला ‘ग’ जागेवर आला, विसाव्याला ‘ब’. बाहेर रांग वाढत गेली. कोपरखैरण्याचे एक गृहस्थ आत डोकावून, पूजा किती वाजता आटोपेल आणि प्रसाद इथेच मिळेल का, असे विचारून गेले. अध्याय संपला तेव्हा डॉक्टरबाईंनी पेलाभर पाणी पुढे केले. मी प्यालो. एक थेंब नाकात आला नाही. त्या वळून खिडकीबाहेर पाहू लागल्या. मीही पाहिले, बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

पट्टीचा एक नियम असा, की निजताना ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. त्यासाठी एक प्लॅस्टिकची डबी मिळाली आणि आमच्या सौभाग्यवती दुर्गाबाईंनी ती बेसिनवर, दाताच्या ब्रशांशेजारी मांडली. ज्या टाळूवर नाम उमटायचे ती ब्रशांच्या पंगतीत? मी ती चांदीच्या वाटीत, दोन तुळशीपत्रे घालून, देवघरात ठेवू लागलो. दुर्गाबाईंनी “एक दिवस घोटाळा होईल” एवढेच म्हटले.

असो. गेल्या सोमवारी देवळात गेलो, ध्वनिक्षेपक स्वहस्ते खाली उतरवला आणि वाचावयास बसलो. अभय म्हणाले, “काका, जमेल ना? नाहीतर मशीन आहे स्टँडबायला.” उत्तर मी अध्यायानेच दिले. संपल्यावर पुढच्या ओळीतल्या सुमित्राबाई (मासळीचा धंदा मुलांवर सोपवून चाळीस वर्षांपैकी तीस त्या तिथेच बसलेल्या) उठल्या आणि तांब्या माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, आता सगला आयकाला येतंय. पानी पन प्या बिनघोर, नाकान येनार नाय.” इतके प्रशस्तिपत्र मला कोणत्याही पीठाने दिलेले नाही. समाप्ती अमावास्येस आहे. आपण पहिल्या ओळीत असावे, ही विनंती.

आपला,
शिवराम

ता. क. शर्मिलेबरोबर आपण ‘त्या दिवशीच्या तीर्थासाठी’ पाठवलेली बाटली रिकामी परत करीत आहे. गुरुवारी आपण घंटी वाजवलीत तेव्हा मी वामकुक्षीत होतो. घाईने देवघरातल्या वाटीतून पट्टी उचलून मुखात घातली, ‘या’ म्हणून दार उघडले आणि सदरा घालून बाहेर आलो, तोवर आपण देवघरापुढे बसून त्याच वाटीतल्या दोन पळ्या घेऊन डोळ्यांना पाणी लावले होते. मी तिसऱ्या पळीस निश्चित अडवले असते; परंतु त्याच क्षणी आपण म्हणालात, “व्याही, आवाज तर पूर्वीपेक्षा खणखणीत झाला.” ते वाक्य संपेपर्यंत मला मध्ये बोलवेना.

ता. क. २. दुर्गाबाई लिहावयास सांगतात, की वाटी चिंचेने घासली आहे, डबी बेसिनवर परत गेली आहे आणि त्या आपली क्षमा मागतात. मीही मागतो.

ता. क. ३. तथापि, अम्लपित्त खरोखरच गेले असेल तर तसे दोन ओळींत लिहून कळवावे. डॉक्टर निशिगंधांना दाखवावयाचे आहे.