आत्याच्या मातीच्या घंटा

प्रिय आत्या,

काल तुझं तेरावं झालं. घरी येऊन आंघोळ केली, तरी आपल्याच माणसांची किळस जाईना. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

जेवणं उरकली आणि काकांचा मोहित तुझ्या काचेच्या कपाटापाशी गेला. मोबाइलमध्ये बघून म्हणाला, या प्राण्यांच्या आकाराच्या जपानी मातीच्या घंटा घरात असल्या की भाग्य उजळतं. झालं! आजवर त्यांना भातुकली म्हणून हसणारे सगळे हात पुसत उठले. तोंडात अजून जिलबी होती गं.

काकूंनी वाघ उचलला, मोहितच्या व्हिसासाठी. वहिनीने ससा, नव्या फ्लॅटसाठी. बैलावरून काका आणि दादा हमरीतुमरीवर आले, तुझ्या फोटोसमोर!

दर नववर्षाला जपानहून तुझ्या मैत्रिणीचं खोकं यायचं. जपानी बारा वर्षांच्या चक्रातला त्या वर्षाचा प्राणी तू कापसातून काढायचीस, कानाशी हलवायचीस. मडक्यात खडा पडावा तसा बसका आवाज. वाईट ते दाराबाहेर ठेवतात या, म्हणायचीस. घरातल्यांचं काय करायचं, ते नाही सांगितलंस.

शेवटच्या दुखण्यात हाक मारायचं त्राण उरलं नाही, तेव्हा तू उशाशी ठेवलेली एखादी घंटा वाजवायचीस. कोण यायचं? मी, आणि आळीपाळीने डबा आणणारे तुझे जपानीचे विद्यार्थी. हडपसरहून बिबवेवाडीला यायचं म्हणजे ट्रॅफिक किती, असं घरच्यांच्या वतीने तूच म्हणायचीस. का घातलंस त्यांना पाठीशी? याचा मात्र मला तुझा राग आहे.

काल मी शांतपणे म्हणाले, "घ्या हो, सगळ्या घ्या. आत्याच्या उशाशी असायच्या. आजाऱ्याचं दुखणं ओढून आत धरून ठेवतात म्हणे."

आधी वाघ टेबलावर आला, मग ससा. बैलाला तर वाली उरला नाही. काकूंनी पदराला हात पुसले, वहिनी सॅनिटायझर शोधत आत गेली. सकाळी फोटोला हार घालताना हीच माणसं हुंदके देत होती.

थाप मारली मी. तू असतीस तर रागावली असतीस, मग तोंड फिरवून हसली असतीस.

रविवारी तुझ्या विद्यार्थ्यांना बोलावलंय. ज्याने त्याने आपल्या जन्मवर्षाचा प्राणी न्यावा. तुझ्या मैत्रिणीला तू गेल्याचं मीच कळवीन, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत. आणि वचन देते, यापुढे या माणसांच्या वतीने आपल्या घरात कुणीही सबब सांगणार नाही.

तुझीच,
मीनल