माझ्या बीपीचा तपास

३ जून, मंगळवार

डायलिसिसच्या आधी बीपी एकशे नव्वद. नंतर एकशे ऐंशी. किडनीच्या डॉक्टरने खुर्चीशेजारी उभं राहून कारणं सांगितली. अंगात साठलेलं पाणी, मीठ, चुकवलेल्या गोळ्या, अर्धवट सोडलेलं डायलिसिस, रक्त वाढवायचं इंजेक्शन, झोपेत श्वास अडकणं. दुकानदार कापड दाखवतो तसं एकेक पुढे टाकलं. यातलं तुमचं कुठलं ते शोधायला हवं, म्हणाला. महिनाअखेरपर्यंत बीपी उतरलं नाही तर सर्जन ऑपरेशनची तारीख देणार नाही. ताई किडनी द्यायला तयार आहे. तिच्या तपासण्या पार पडल्या आहेत. अडलंय ते माझ्या बीपीवर.

शोधायला हवं, हे मला सांगतो. तीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं पाहिली. राख बघून आग कुठून लागली ते सांगायचो. दहातल्या नऊ आगी मालकाने स्वतःच लावलेल्या असायच्या. शरीराची गोष्ट वेगळी. इथे मालक बिचारा सोसणारा.

उद्यापासून तपास. पद्धतशीर.

४ जून, बुधवार

पाणी ठरवून दिलं तेवढंच प्यायलो. चहा पाण्यात धरत नाही, त्यात दूध असतं. सूप हे जेवण. बर्फ चघळतात, पीत नाहीत.

ही म्हणाली, मग कलिंगडही चघळतातच. बायकोशी तांत्रिक विषयावर बोलू नये.

बीपी एकशे अठ्ठ्याऐंशी. घरचं बीपीचं मशीन मेहुण्याने दिलेलं. मेहुण्याने दिलेली एकही वस्तू आजवर धड चाललेली नाही. पहिला संशयित.

५ जून, गुरुवार

डायलिसिस सेंटरच्या दारातच वजनकाटा आहे. किती किलो वाढले ते बघून टेक्निशियन ठरवतो, आज अंगातून किती पाणी ओढायचं. हा माणूस पाणी ओढत नाही, टाकी उपसतो. शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात. तो तेव्हा मोबाइल बघत असतो.

त्यावर माझा उपाय आहे. काट्याशेजारी म्हाताऱ्यांसाठी लोखंडी दांडा बसवलाय. उभं राहताना त्यावर हात टेकायचा, तोल सावरल्यासारखा. जरा भार दिला की दोन-अडीच किलो कमी भरतात. नंतर वजन करतानाही तसंच. हिशोब जुळतो, गोळे येत नाहीत. याला फसवणूक म्हणत नाहीत. तो अतिरेक करतो, मी दुरुस्ती करतो.

बीपी मात्र एकशे ब्याण्णव. डायलिसिसचं मशीनच जुनं झालंय. दुसरा संशयित.

७ जून, शनिवार

शेजारच्या खुर्चीवर एक शिंपी असतो. बाटलीच्या झाकणाने पाणी पितो आणि ते सगळ्यांना सांगतो. बीपी एकशे तीस. आज मला विचारलं, तुमचं किती? माणसाचं बीपी विचारायला लाज वाटायला हवी.

नर्सला म्हटलं, माझी जागा बदला, याला पाहिलं की माझं बीपी वाढतं. नर्स म्हणाली, तुम्हाला पाहून त्यांचं वाढतं का, ते आधी त्यांना विचारते.

निषेध म्हणून अर्धा तास आधी उठलो. स्वतःच्या जबाबदारीवर उठतोय, अशी टेक्निशियनने सही घेतली. त्याला वाटलं मी घाबरेन.

९ जून, सोमवार

गोळ्यांचा फेरविचार केला. डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी घेऊ नका, बीपी एकदम खाली जाईल, असं डॉक्टरनेच सांगितलंय. डायलिसिसची मानसिक तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते. तेव्हा आदल्या दिवशीही नको. राहिला रविवार. सुट्टीच्या दिवशी औषध घेणं मला पटत नाही.

एकशे अठ्ठ्याण्णव. गोळ्यांचा गुण नाही हे सिद्ध झालं.

१२ जून, गुरुवार

ताई राहायला आली. ऑपरेशनपर्यंत इथेच. ताई निवृत्त बस कंडक्टर. आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, आता सवय जात नाही.

किडनी देता यावी म्हणून तिने आठ किलो वजन उतरवलं. गोड सोडलं, रोज पहाटे चालते. हे मला बायकोने दोनदा ऐकवलं. मी कधी म्हटलं होतं का उतरव म्हणून? डॉक्टरने म्हटलं होतं.

रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा लागला. ताई दारात. पेला माझ्या हातातून घेतला, अर्धा ओतून टाकला आणि उरलेला परत दिला. पासष्ट वर्षांच्या भावाला.

१९ जून, गुरुवार

डॉक्टरशी सविस्तर चर्चा. मी सांगितलं, माझं वजन वाढलंय ते पाण्याने नव्हे, तब्येत भरतेय. तेव्हा माझं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन, तुम्ही दोन किलोने वाढवून धरावं.

त्याने माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. ही तब्येत नव्हे, पाणी, म्हणाला. इतक्या जोरात दाबल्यावर कुणाच्याही पायाला पडेल.

बीपी दोनशे. डॉक्टर माणसाला बघूनही वाढतं.

२४ जून, मंगळवार

ताई हट्टाने सेंटरवर आली. काट्यावर उभा राहिलो. टेक्निशियन आकडा लिहायला वाकला, तेवढ्यात ताई माझ्या दंडाशी येऊन उभी राहिली.

"दांडा सोड."

म्हटलं, तोल जातोय. म्हणाली, चालत्या बसमध्ये एका हाताने पैसे मोजणारी मी, मला तोल शिकवू नकोस. सोडला. आकडा वर गेला. साडेचार किलो पाणी होतं अंगात, बहुधा कित्येक दिवसांचं. शिंप्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. हसत असणार.

एका बैठकीत सगळं निघणार नाही, उद्या पुन्हा या, म्हणाले. तरी गोळे आले. ओरडलो. ताई शेवटपर्यंत पोटरी चोळत बसली होती. शिव्या मी टेक्निशियनला देत होतो, पण एखाददुसरी तिलाही लागली.

नंतरचं बीपी एकशे छप्पन. योगायोग.

२६ जून, गुरुवार

काल जादाचं डायलिसिस, आज नेहमीचं. दोन्ही वेळा ताई काट्याशेजारी. गोळ्या तिच्या पर्समध्ये. तोंड उघड म्हणते, बघते, मग बंद कर म्हणते.

एकशे बेचाळीस. सर्जनची सोमवारची वेळ मिळाली. तारीख नक्की होणार, असं नर्सही म्हणाली. तपास फत्ते. सहा महिन्यांत हे सेंटर, हा टेक्निशियन, हा शिंपी, कुणाचं तोंड बघायला नको.

ताई आज पहिल्यांदा हसली. तिला वाटतं हे तिच्यामुळे झालं. वाटू दे.

२९ जून, रविवार

काल घरी पाहुणे होते, ताईची चुलतसासू वारली म्हणून ताई तिकडे गेलेली. पाहुण्यांना सोडून सेंटरवर जाणं शिष्टाचाराला धरून झालं नसतं. एका खेपेने काय होतं. तसंही बीपी उतरलंच आहे.

बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतला. खारे शेंगदाणे. थोडे. त्यावर सूप. शेंगदाण्यांनी तहान लागते हे उत्पादकांनी पाकिटावर लिहायला हवं. उकाडाही फार आहे. आजच्या दिवसाचा अपवाद.

रात्री आडवं झालं की दम लागतो. उशा पातळ झाल्यात. हिला सांगून कधीचा कंटाळलो.

३० जून, सोमवार

चपलेत पाय जाईना. ताईने स्वतःच्या हाताने कोंबला. रात्री उशिरा परत आली होती, तिला काहीच माहीत नव्हतं. शनिवारचं काय ते ही रिक्षात बोलली. बायकोने निदान एक दिवस थांबायला हवं होतं.

सर्जनकडे बीपी दोनशे बारा. छातीला नळी लावून ऐकलं, म्हणाला पाणी फुप्फुसापर्यंत चढलंय, आधी इमर्जन्सी डायलिसिसला जा. तारखेचं विचारलं. म्हणाला, नवी किडनी लावली तरी ती सांभाळावी लागते. गोळी चुकली की संपलं. सध्या मी तारीख देणार नाही.

बाहेर व्हीलचेअरवर बसवलं. मी ताईला स्पष्ट सांगितलं, तू आल्यापासून माझ्या डोक्याला ताप आहे. ऊठ म्हणतेस, तोंड उघड म्हणतेस. बीपी वाढेल नाही तर काय होईल. कारण सापडलंय मला. तू.

ही म्हणाली, अहो, गप्प बसा. ताईने तिला हातानेच थांबवलं. माझ्यासमोर उकिडवी बसली. चपलेतून माझी टाच बाहेर आली होती, ती तिने आत सारली.

"बरं झालं सापडलं," ती म्हणाली. "मी जाते. माझ्याबरोबर माझी किडनीही जाईल. तिला पहाटे चालायची सवय झालीय, तुझ्याकडे तिचे हाल होतील."

आवाज चढला नव्हता.

२ जुलै, बुधवार

काल हॉस्पिटलमधून सोडलं. आज सकाळी ताई गेली. ही तिला बसस्टँडवर सोडायला गेली ती दुपारपर्यंत आलेली नाही. फोन उचलत नाही.

ताई रागाच्या भरात गेली. येईल. माणसाने शांत डोक्याने विचार केला पाहिजे. आठवडाभराने मीच मोठ्या मनाने फोन करीन.

घर अगदी शांत. कारण दूर झालं, तेव्हा बीपी मोजलं. एकशे शहाण्णव. मिनिटभर थांबून दुसऱ्या हाताला लावायला गेलो. त्या हातात सुया टोचतात, तिथे लावत नाहीत. पुन्हा पहिल्याच हाताला लावलं. एकशे शहाण्णव.

स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावला. दारात कुणी नव्हतं. फ्रिजमधली बाटली काढली, पेला काठोकाठ भरला आणि उभ्या उभ्या प्यायलो.

तहान लागली नव्हती.