टेकलेलं कोपर

मंगळवार, संध्याकाळ

आमगावच्या यशोदाबाईंचा एक्स-रे मला खोटा वाटून राहिला, आणि तो काढला मीच. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांमधली गादी पार झिजलेली. गादी झिजली म्हणजे मणका सरकतोच असं नाही, मान्य. पण वाकून काढलेल्या फोटोत जरासुद्धा सरकू नये?

मी 'वाका' म्हटलं, त्या वाकल्या. डावं कोपर गुडघ्यावर होतं का? होतंच. धानाच्या रोवण्यात रोपांची जुडी धरून बाया तशाच टेकतात. कोपरानं धड तोलून धरलं, तर मणका सरकेल कसा? मी टोकलं काऊन नाही?

फोटो पाहून डॉक्टरांनी लिहिलं, मणका पक्का आहे.

जाताना बाईंनी मला विचारलं, "मंग उद्या रोवण्याले जाऊ ना जी?"

मी म्हटलं, जा.